छपराखालची मॅरेथॉन

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या श्रावणांतील एका रविवारची गोष्ट. पहांटे पांच वाजतां माझी पुतणी पायांत बूट चढवून दाराशीं उभी होती, आणि बाहेर पाऊस असा कोसळत होता कीं, समोरच्या इमारतीचे दिवेहि दिसत नव्हते. मुंबईस जानेवारींत जी मॅरेथॉन शर्यत होते तिच्यासाठीं तिची तयारी चालली होती. त्या दिवशींच्या रकान्यांत अठरा मैलांची दौड लिहिलेली होती. रस्त्यावर गुडघाभर पाणी. गटारांचीं झांकणें जागेवर आहेत कीं नाहींत, हें पाऊल पडल्यावरच कळावयाचें. ती थोडा वेळ घुटमळली व मग मला म्हणाली, "काका, आज व्यायामशाळेंतल्या ट्रेडमिलवरच धांवतें." परीक्षेंत शेजाऱ्याची वही पाहून उत्तर लिहिण्याची कोणी परवानगी मागावी, तसा तिचा स्वर होता.

खरें सांगावयाचें तर मीहि मनांतून तसेंच समजत होतों. एका जागीं राहून धांवणें म्हणजे धांवण्याचें नाटक, असें माझें मत. शाळेंत नोकरीला असतांना पावसाळ्यांत मैदानाचें तळें झालें म्हणजे व्हरांड्यांत मुलांकडून जागच्या जागीं धांवण्याची कवायत मीं शेंकडों वेळां करून घेतली असेल; पण ती तास भरून काढण्याची युक्ति आहे, हें मला ठाऊक असे आणि मुलांनाहि ठाऊक असे. पुतणी गेली आणि साडेतीन तासांनीं परत आली, ती घामानें अशी निथळत कीं, ती पावसांतूनच धांवून आली असावी असें कोणालाहि वाटावें. तेव्हां मीं ह्या विषयावरचें कांहीं वाचून काढलें, आणि माझें मत बरेंच हललें. तीच हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

एका जागीं राहून पाऊल उचलीत राहण्याचें हें यंत्र निघालें तें आरोग्यासाठीं नव्हे आणि शर्यतीसाठींहि नव्हे. तें निघालें तुरुंगासाठीं. विल्यम क्युबिट नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें १८१८ च्या सुमारास तें बनविलें. कैदी दिवसभर रिकामे बसतात, त्यांना कांहीं तरी काम हवें, असा त्यामागील विचार. एक लांबलचक लाकडी लाट, तिच्या अंगावर पायऱ्या ठोकलेल्या, आणि वर हातांनीं धरावयास आडवा दांडा. कैद्यांनीं ओळीनें उभें राहून पायरीवर पाय ठेवावा, तों ती पायरी त्यांच्याच भारानें खालीं जाई आणि वरच्या पायरीवर पाऊल टाकणें भाग पडे. ही चढण संपावयाची कशी? डोंगरच पायांखालीं फिरत होता. लंडनमधील ब्रिक्स्टनच्या तुरुंगांत १८२१ सालीं असें चाक बसलें, आणि तेथून तें देशभर पसरलें. कोठें त्यावर धान्य दळीत, कोठें पाणी उपसत. पण कांहीं ठिकाणीं तें चाक कशालाच जोडलेलें नसे. कैद्यांनीं केवळ वारा दळावयाचा! श्रम थोडे नव्हते, परंतु श्रमांहून त्या निरर्थकतेचाच जाच मोठा होता. ज्यांनीं अंदमानच्या कोलूचीं वर्णनें वाचलीं आहेत त्यांना ही शिक्षेची जात ओळखीची वाटेल. तेथें निदान तेल तरी निघे, आणि तें कमी भरलें कीं पुन्हां शिक्षा. इंग्लंडांत १८९८ च्या कायद्यानें ह्या चाकाची सद्दी संपविली. नांव मात्र मागें राहिलें. आज ज्या यंत्रावर माणसें पैसे भरून धांवतात त्याचें 'ट्रेडमिल' हें नांव त्या तुरुंगांतल्या चाकाचें आहे.

तुरुंगांत हें चाक फिरत असतांनाच तुरुंगाबाहेर एक निराळाच चमत्कार चालू झाला. छपराखालीं गोल गोल फिरण्याचे लोक पैसे मिळवूं लागले आणि तें पाहण्यासाठीं हजारों लोक पैसे देऊं लागले. एडवर्ड पेसन वेस्टन हा अमेरिकन गृहस्थ ह्या धंद्याचा आद्य पुरुष. लिंकनच्या शपथविधीसाठीं १८६१ सालीं बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत तो पायीं गेला होता, आणि त्या चालीनेंच त्याचें नांव झालें. पुढें १८७४ च्या डिसेंबरांत न्यू जर्सींतील न्यूअर्क शहरीं एका बंदिस्त जागेंत त्यानें सहा दिवसांत पांचशें मैल पुरे केले. सहाच दिवस कां, तर सातवा रविवार. त्या दिवशीं खेळतमाशा धर्माला मंजूर नव्हता. म्हणून रविवारची मध्यरात्र उलटली कीं शर्यत सुरू व्हावयाची आणि शनिवारच्या मध्यरात्रीपूर्वीं संपावयाची. मधल्या वेळांत ज्यानें त्यानें आपल्या मगदुरानुसार चालावें, धांवावें, कडेच्या राहुटींत घटकाभर पडावें.

ह्या शर्यती डिसेंबर-मार्चच्या थंडींतहि होत, आणि बाहेर बर्फ पडत असो कीं पाऊस, आंत त्याची कांहीं बाधा नसे, हें खरें. परंतु छप्पर घातलें होतें तें धांवणाऱ्याच्या सोईसाठीं नव्हे, असें मला स्पष्ट दिसतें. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट लावतां येत नाहीं; दिवाणखान्याला दार असतें, आणि दाराशीं तिकिटें विकणारा बसवितां येतो. लंडनमधील इझ्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्यें १८७८ च्या मार्चांत सर जॉन ॲस्टले ह्या सरदारानें ठेवलेल्या पट्ट्यासाठीं शर्यत झाली. मूळचा आयरिश पण शिकागोस राहणारा डॅनियल ओलिअरी ५२० मैल करून ती जिंकला. पुढें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें ह्या शर्यतींचें प्रस्थ वाढलें, आणि तेथेंच १८८८ सालीं शेफील्डच्या जॉर्ज लिटलवुडनें सहा दिवसांत ६२३ मैलांवर मजल मारली. श्रोतेहो, हा आंकडा सहज ऐकून सोडून देऊं नका. दिवसाला शंभरांहून अधिक मैल, आणि तेहि सहा दिवस ओळीनें! जाणाऱ्याला प्रत्येक वळणावर तींच माणसें, तेच खांब, तोच विड्यांचा धूर. हा उच्चांक ९६ वर्षें टिकला. १८८८ नंतर तो मोडला तो १९८४ सालीं ग्रीसच्या यानिस कूरोसनें, आणि तोहि उघड्यावर धांवून.

ह्या मंडळींच्या युक्त्या सगळ्याच सोज्ज्वळ होत्या असें नाहीं. वेस्टन १८७६ सालीं इंग्लंडांत आला असतां कोकाचीं पानें चघळतांना आढळला आणि त्याची चर्चा वैद्यकाच्या पत्रांतून झाली. आजच्या उत्तेजक औषधांचे आजे-पणजे तेव्हांच जन्मलेले होते. असो.

आतां मॅरेथॉनकडे वळूं. ही शर्यत अथेन्स येथें १८९६ सालीं सुरू झाली. पण तिचें आजचें अंतर, २६ मैल ३८५ यार्ड, हें १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचें. विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनापर्यंत जें अंतर भरलें तेंच पुढें कायम झालें. त्या जुलै महिन्यांतला दिवस उकाड्याचा होता. इटलींतील कार्पी गांवचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्यें पहिला शिरला, पण त्याला दिशाहि कळेना. तो पडला, उठला, पुन्हां पडला. शेवटीं पंचांनींच त्याला हात देऊन रेषेपार नेलें आणि त्याच कारणावरून तो बाद ठरला. सुवर्णपदक न्यूयॉर्कच्या जॉनी हेजला मिळालें, आणि दुसऱ्या दिवशीं राणी अलेक्झांड्रानें पिएत्रीला एक सोन्याच्या मुलाम्याचा चषक दिला. साऱ्या जगाची सहानुभूति त्या चषकांत होती.

जगाच्या सहानुभूतीचा पैसा करणारे लोकहि जगांत असतातच. सुमारें चार महिन्यांनीं, १९०८ च्या नोव्हेंबरांत, पिएत्री आणि हेज ह्या दोघांनाच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें समोरासमोर उभें केलें. पूर्ण मॅरेथॉन, आणि तीहि छपराखालीं! वाट एवढीशी कीं, दहा फेऱ्या झाल्या म्हणजे एक मैल व्हावा. म्हणजे एकूण फेऱ्या २६० च्या वर. इटालियन आणि आयरिश प्रेक्षकांनीं इमारत भरून गेली होती, आणि तंबाखूच्या धुरानें हवा जड झाली होती. त्या हवेंत दोघे जवळ जवळ पावणेतीन तास धांवले. शेवटच्या फेऱ्यांत पिएत्रीनें झेप घेतली व तो थोडक्या अंतरानें जिंकला.

परंतु मला अधिक बोधप्रद वाटतात त्या ह्यानंतरच्या दोन शर्यती. डिसेंबरांत त्याच जागीं पिएत्रीची गांठ कॅनडांतील आदिवासी ओनोंडागा जमातीचा धांवपटु टॉम लाँगबोट ह्याच्याशीं पडली. हा १९०७ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकलेला जवान. पिएत्री ह्या वेळींहि शेवटच्या टप्प्यांतच कोसळला. पुढें १९०९ च्या फेब्रुवारींत लाँगबोटपुढें इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब उभा राहिला. कमी अंतराच्या शर्यतींत श्रबसारखा वेगवान माणूस त्या काळीं दुसरा नव्हता. त्यानें कितीतरी फेऱ्यांची आघाडी घेतली, आणि अखेरच्या कांहीं मैलांत त्याचे पाय थिजले. लाँगबोट संथपणें त्याच्या पुढें निघून गेला. येथें मीं पुस्तक मिटून थोडा वेळ विचार केला. ऊन नव्हतें, चढ नव्हता, समोरचा वारा नव्हता, चिखल नव्हता. आणि तरीहि बाराव्या मैलावरचा राजा पंचविसाव्या मैलावर रंक झाला. म्हणजे मॅरेथॉनची जी खरी परीक्षा, ती छप्पर घातल्यानें टळत नाहीं. ती आकाशांतून येत नसून माणसाच्या स्नायूंतल्या सांठ्यांतून येते. तो सांठा संपला कीं वर कौलें आहेत कीं आभाळ आहे, ह्यानें कांहीं फरक पडत नाहीं.

ह्या वेडाचा कळस झाला तो १९०९ च्या डिसेंबरांत लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें. जेथें वाद्यवृंद वाजावयाचे तेथें नारळाच्या काथ्याचें जाजम अंथरून लहानशी वाट आंखली. वाट इतकी आंखूड कीं, मॅरेथॉन पुरी करण्यास पांचशेंहून अधिक फेऱ्या घालाव्या लागणार! तेथेंहि पिएत्री होताच, समोर सी. डब्ल्यू. गार्डिनर नांवाचा इंग्रज. पिएत्रीला शर्यत मध्येंच सोडावी लागली, आणि गार्डिनरनें २ तास ३७ मिनिटांत ती पुरी केली. काथ्यावर पांचशें वळणें घेणाऱ्या पायांची काय दशा झाली असेल, हें ज्यानें कोंकणांत सुंभ वळतांना हाताला पडलेले घट्टे पाहिले आहेत त्याला सांगावयास नको. लवकरच लोकांची हौस फिटली आणि हीं दुकानें बंद झालीं.

मॅरेथॉन पुन्हां रस्त्यावर आली, आणि तेथें पाऊसहि होता. अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें १९२० च्या ऑगस्टांत ही शर्यत पावसांत झाली. अंतरहि नेहमींच्याहून पाव मैलावर अधिक होतें. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला. आपणांस अभिमानानें लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, त्या पावसांत बेळगांवकडचा फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून आणि दोराबजी टाटांच्या खटपटीनें जो पहिला हिंदी संघ ऑलिंपिकला गेला, त्यांतला हा गडी. आपल्याकडे मॅरेथॉनचा इतिहास सुरू होतो तोच मुळीं भर पावसांत.

येथपर्यंत छपराखालीं धांवणें म्हणजे एक तर शिक्षा किंवा तमाशा. स्वतःच्या तयारीसाठीं, कोणी पाहात नसतांना, माणूस आंत धांवूं लागला तो पुष्कळ उशिरां. झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकबद्दल एक गोष्ट सांगतात. तो एरव्हीं बर्फांतून जड लष्करी बूट घालून धांवणारा माणूस. पण एकदां घरांतून निघतां येईना, तेव्हां न्हाणीघरांतल्या टबांत धुण्याचे कपडे टाकून, वर पाणी सोडून, तो त्यांवर बराच वेळ जागच्या जागीं धांवला. सराव झाला आणि धुणेंहि निघालें! ह्या गृहस्थानें १९५२ सालीं हेलसिंकीस पांच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशीं तीनहि सुवर्णपदकें मिळविलीं. आणि मॅरेथॉन तर तो जन्मांत प्रथमच धांवत होता. माझ्या व्हरांड्यांतल्या कवायतीला ह्या एका टबानें जी प्रतिष्ठा दिली ती मला तीस वर्षांच्या नोकरींत कोणी दिली नव्हती.

तुरुंगांतल्या चाकाचा उद्धार मात्र वैद्यांनीं केला. सिॲटल येथील हृद्रोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस ह्यांनीं वेन क्विंटन ह्या यंत्रज्ञाच्या मदतीनें विजेवर फिरणारा पट्टा तयार केला, तो १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत. हेतु असा कीं, रोग्याला चालतें ठेवून त्याच्या हृदयाची परीक्षा करावी. आज आपल्यापैकीं पुष्कळांनीं छातीवर तारा लावून ती परीक्षा दिली असेल. मींहि दिली आहे. यंत्र मोठें होतें, महाग होतें, आणि दवाखान्यांतच शोभणारें होतें. मग १९६८ सालीं डॉक्टर केनेथ कूपर ह्यांचें 'एरोबिक्स' हें पुस्तक निघालें. नियमानें धांवणाऱ्याचें हृदय बळकट राहतें, हें त्यांत आंकड्यांनिशीं सांगितलें होतें. न्यू जर्सींतील विल्यम स्टॉब नांवाच्या यंत्रज्ञानें तें वाचलें आणि त्याला प्रश्न पडला कीं, हिवाळ्यांत सामान्य माणसानें हें करावें कसें? त्यानें घरांत ठेवतां येईल असा पट्टा बनविला. पुढें हे गृहस्थ ९६ वर्षें जगून २०१२ सालीं वारले. ज्या यंत्रानें पूर्वीं कैद्यांचें आयुष्य झिजे, त्याच्या ह्या नव्या अवतारावर त्यांनीं स्वतः म्हातारपणापर्यंत व्यायाम केला.

आतां मूळ शंका. पट्ट्यावरचें धांवणें खोटें काय? लोक म्हणतात, "तेथें पट्टाच पाय मागें ओढतो, माणसाला कांहीं करावेंच लागत नाहीं." हें बरोबर नाहीं. एकसारख्या वेगानें जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत आपण चाललों तर जमिनीवर चालण्याइतकेच श्रम पडतात; तसेंच पट्ट्याचें. जमीन सरकते कीं मनुष्य सरकतो, हें पायाला कळत नाहीं. फरक पडतो तो वाऱ्याचा. बाहेर धांवणारा हवा कापीत जातो. आंत हवा स्थिर आणि मनुष्यहि स्थिर. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेंत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू ह्यांनीं १९७० च्या सुमारास हा वारा मोजला. मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगानें धांवणाऱ्याची सात-आठ टक्के शक्ति हवेशीं झगडण्यांत जाते, आणि दुसऱ्याच्या पाठीशीं लागून धांवलें तर त्यांतली बरीचशी वांचते, असें त्यांना आढळलें. पुढें १९९६ सालीं जोन्स व डाउस्ट ह्या दोघां इंग्रज संशोधकांनीं सोपा उपाय सांगितला: पट्ट्याला शंभरांत एक इतका चढ द्यावा, म्हणजे बऱ्यापैकीं वेगानें धांवणाऱ्याचा हिशेब बाहेरच्याशीं जुळतो. माझ्या पुतणीसारख्या बेताच्या चालीनें जाणारांना वाऱ्याचा कर मुळांतच थोडा बसतो, त्यामुळें त्यांनीं त्या एक टक्क्याचें ओझें मनावर घेण्याचेंहि कारण नाहीं.

मात्र ह्या वाऱ्याला दुसरी बाजू आहे, आणि आपल्या दमट शहरांत तीच महत्त्वाची. धांवणाऱ्याच्या शरीरांत खर्च होणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होते. बाहेर ती वारा नेतो, घाम वाळतो, अंग निवतें. बंद खोलींत घाम वाळत नाहीं, नुसता गळतो. मग रक्ताला स्नायूंकडेहि धांवावें लागतें आणि कातडीकडेहि, आणि वेग तोच असतांना नाडी मात्र तासागणिक चढत जाते. म्हणून पावसाळ्यांत आंत दोन-तीन तास धांवणाराला पट्ट्याच्या चढापेक्षां समोरच्या मोठ्या पंख्याची गरज अधिक. पाणीहि हाताशीं हवें, आणि त्यांत चिमूटभर मीठ-साखर. पुतणी त्या रविवारीं निथळत कां आली, ह्याचा उलगडा मला येथें झाला.

हाच तोटा एका बाईंच्या कामीं कसा आला, ती हकीकत ह्या सगळ्या इतिहासांत मला सर्वांत प्रिय आहे. तत्पूर्वीं नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेन ह्या बाईंचें नांव घेणें न्यायाचें होईल. तेथील हिवाळा म्हणजे बर्फ आणि काळोख. बाई आधीं बर्फावरच्या शर्यतींतल्या. थंडीच्या दिवसांत धांवण्याच्या सरावासाठीं त्यांनीं ट्रेडमिलचा आश्रय केला. मुलगा झाला १९८३ च्या ऑगस्टांत, आणि पांच महिन्यांनीं, जानेवारींत, त्यांनीं अमेरिकेंत ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली. पुढें १९८५ सालीं लंडनला २ तास २१ मिनिटें ६ सेकंद हा स्त्रियांचा जागतिक उच्चांक केला, तो तेरा वर्षें कोणाला मोडतां आला नाहीं.

दुसऱ्या बाई म्हणजे ख्रिस्टीन क्लार्क. अलास्कांतील अँकरेज शहरीं राहणाऱ्या, धंद्यानें रोगनिदानतज्ज्ञ डॉक्टर, दोन मुलांच्या आई, वय ३७. सिडनी ऑलिंपिकसाठीं अमेरिकेची निवड-शर्यत २००० च्या फेब्रुवारींत व्हावयाची होती; म्हणजे तयारी करावयाची ती अलास्कांतल्या ऐन हिवाळ्यांत. रस्ते बर्फानें निसरडे, दिवस आंखूड, आणि घरीं मुलें. त्यामुळें सरावाचा मोठा भाग त्यांनीं घराच्या आंत ट्रेडमिलवर केला. शर्यतीचें ठिकाण दक्षिण कॅरोलिनांतील कोलंबिया. त्या दिवशीं तेथें हिवाळ्यांत न शोभणारा उकाडा झाला. नामांकित धांवपटु बायका एकामागून एक मंदावल्या. आणि बर्फाच्या मुलखांतून आलेली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली ही डॉक्टरीण पुढें आली आणि २ तास ३३ मिनिटें ३१ सेकंदांत जिंकली. पूर्वींच्या स्वतःच्या वेळेहून सात मिनिटें कमी! बंद घरांतल्या उबेंत महिनोन्‌महिने घाम गाळल्यानें शरीराला उष्णतेची संवय झालेली होती, आणि तीच त्या दिवशीं उपयोगी पडली, असें जाणत्यांनीं मागाहून म्हटलें. त्या वर्षीं सिडनीच्या मॅरेथॉनमध्यें अमेरिकेतर्फें धांवलेली ती एकच स्त्री. तेथेंहि तिनें आपली वेळ आणखी दोन मिनिटांनीं सुधारली व एकोणिसावी आली. आमच्या चौगुल्यांचाच क्रमांक.

छपराची गोष्ट आणखी एका ठिकाणीं गेलेली आहे, जेथें हवामान म्हणून कांहीं नाहींच. दिनांक १६ एप्रिल २००७ रोजीं बोस्टनच्या रस्त्यांवर वादळी पाऊस व थंड वारा झोडपीत होता आणि हजारों लोक त्यांतून मॅरेथॉन धांवत होते. त्याच वेळीं, त्याच शर्यतींत नांव नोंदवून, सुनीता विल्यम्स ह्या अंतराळस्थानकांतील ट्रेडमिलवर धांवत होत्या. ह्यांचे वडील मूळचे गुजरातचे. तेथें वजनच नसल्यानें पाऊल पट्ट्यावर टेकावें म्हणून कमरेखांद्यांना ताणाचे पट्टे बांधून घ्यावे लागतात. घामहि गळत नाहीं, अंगालाच चिकटून राहतो. चार तास चोवीस मिनिटांत त्यांनीं अंतर पुरें केलें. तेवढ्या वेळांत स्थानकाच्या पृथ्वीभोंवतीं जवळ जवळ तीन प्रदक्षिणा झाल्या होत्या, आणि बाई होत्या तेथेंच होत्या! पुढें २०२० च्या साथींत घराबाहेर पडण्याची बंदी झाली तेव्हां फ्रान्समधील एका गृहस्थानें सात मीटर लांबीच्या सज्जांत येरझारा घालून पूर्ण मॅरेथॉन केली. शेजाऱ्यांना काय वाटलें असेल, तें असो.

राहतां राहिला मनाचा प्रश्न, आणि तो मला पंख्याहून अवघड वाटतो. रस्त्यावर पुढचा खांब असतो, देऊळ असतें, चहाची टपरी असते. मन एकेक खूण गांठीत जातें. पट्ट्यावर खूण नाहीं. लिटलवुडनें सहा दिवस तें कसें सोसलें असेल? त्याला निदान प्रेक्षक होते, सोबती होते, बक्षीस होतें. आमच्या व्यायामशाळेंतलें यंत्र साठ मिनिटें झालीं कीं आपोआप थांबतें. पुन्हां सुरू करावें तों आंकडे शून्यावर येतात. पुतणी म्हणाली, "काका, सगळ्यांत वाईट वाटतें तें त्या शून्याचें." मीं तिला सुचविलें कीं, अठरा मैलांचे सहा धडे करावे, तीन-तीन मैलांचे, आणि यंत्राच्या आंकड्याकडे न पाहतां हिशेब दुसऱ्या कोणाकडे द्यावा. "तो दुसरा कोण?" असें तिनें विचारलें, तेव्हां मला नाहीं म्हणतां येईना.

म्हणून भाद्रपदांतल्या पावसाळी रविवारीं मीहि गेलों. एका स्टुलावर वही घेऊन बसलों. व्यायामशाळेच्या मालकानें कोपऱ्यांतला उभा पंखा ओढून पट्ट्यासमोर आणला. दर तीन मैलांना मीं वहींत एक रेघ ओढावी, पाण्याची बाटली पुढें करावी आणि एक गोष्ट सांगावी: आधीं ब्रिक्स्टनचें चाक, मग लिटलवुड, मग हेज आणि पिएत्री. बाराव्या मैलाच्या पुढें तिचें लक्ष गोष्टींत राहिना. आल्बर्ट हॉलच्या फेऱ्या किती, हें तिनें मला तीनदां विचारलें आणि तीनदां मीं "पांचशेंच्या वर" असें सांगितलें. सोळावा मैल भरला असेल नसेल, तों खिडकीच्या कांचेवरचा आवाज थांबला. तिनें मान वळवून बाहेर पाहिलें. दोन मैल राहिले होते. तिनें पट्टा बंद केला, टॉवेल माझ्या हातांत दिला, आणि मी कांहीं बोलण्याच्या आंत ती जिना उतरली. मीं खिडकीशीं जाऊन पाहिलें तेव्हां ती रस्त्यावरचीं डबकीं चुकवीत कोपऱ्यापर्यंत पोंचली होती. मागें मालकानें पंख्याचें बटण दाबलें, आणि वहींतली सहावी रेघ कोठें ओढावी, हा मला प्रश्न पडला.